कुणालाही येणारं काम

पेणच्या कारखान्यात दीडशे गणपती डोळ्यांविना उभे होते. परवा कंटेनर मॉरिशसला निघणार होता. युनियनच्या करारावर शेठनी सही केली, पण निम्मीच मागणी मानून. डोळे आखणारी सगुणा कायम होणार, मूर्ती घासणाऱ्या अठरा बाया ठेकेदाराकडेच राहणार. "घासायचं काम कुणालाही येतं," शेठ म्हणाले. सगुणाने करार वाचला, कुंचला धुऊन डब्यात ठेवला आणि पुढच्या खेपेच्या मूर्ती घासणाऱ्या बायांच्या ओळीत जाऊन बसली. "शेठ, माझंबी नाव ठेकेदाराकडं टाका. आजपासून मी घासनार." "डोळे कोण आखणार?" "कुणाला येतंय बघा." तिने पॉलिश पेपर घेऊन गणपतीचा कान घासायला सुरुवात केली. मिनिटभरात कानाचा तुकडा तिच्या तळव्यात आला. शेजारची विमलबाई न हसता म्हणाली, "हलका हात ठेव गो. ह्ये कुणालाबी नाय येत." शेठनी अठरा बायांची नावं घालायला करार परत मागितला.