बिनलोकरीच्या मेंढ्या

पुण्यातली नोकरी सोडून आलेल्या जोडप्याने शेजारचा माळ घेतला आणि त्यावर शेळीसारख्या आखूड केसांच्या मेंढ्या आणल्या, तेव्हाच धुळाबाच्या मनात पाल चुकचुकली. साठ वर्षं मेंढरामागं हिंडून त्याने बिनलोकरीची मेंढी पाळली नव्हती. मेंढ्या नुसतं निमित्त, यांचा डोळा आपल्या जमिनीवर आहे, असं त्याने ठरवूनच टाकलं. रोज कुंपणालगत उभा राहून तो त्यांच्यावर नजर ठेवू लागला.

एका दुपारी त्या घरातली मृण्मयी धावत कुंपणापाशी आली. "बाबा, मेंढी सकाळपासून अडलीय. हे तालुक्याला गेलेत, डॉक्टर फोन उचलत नाहीत. आत येता का?"

धुळाबा जागचा हलला नाही. "मेली तर माझ्या नावानं बोंब माराल."

"नाही मारणार. या हो!"

मेंढीचं कण्हणं कानावर आलं, तसा तो आत शिरला. हाताला गोडेतेल चोळून त्याने पोटातलं आडवं कोकरू हळूहळू फिरवलं. बऱ्याच वेळाने ते ओलं, जिवंत त्याच्या मांडीवर आलं.

मृण्मयीला रडू फुटलं. "ह्यांनी बजावलं होतं, तुम्हाला आत घेऊ नको. म्हणे तुम्ही मेंढ्या हेरता, एखादी पळवणार."

धुळाबाचा चेहरा पडला. मग तो हसायलाच लागला.

"मीबी घरात सांगून ठेवलंय, त्यांच्याकडं चहा पिऊ नका. चहा पाजून कागदावर अंगठा घेतील."

हात धुऊन तो पायरीवर टेकला. "टाक आता, पोरी. साखर जरा जास्त."