उत्तरापुरती जागा

रेवाने चौथी शांतता कापली आणि बाबांचं बोलणं सलग झालं.

संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या आवाजाची रेष होती. बाबा एक प्रश्न विचारत, मग ती रेष नऊ सेकंद आडवी पडे. तेवढ्या वेळात नुसता श्वास ऐकू येई. मग ते ‘बरोबर’ म्हणत आणि पुढे बोलू लागत. शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायचा. तो सगळ्या पनवेलने ऐकावा असं तिला वाटत नव्हतं. ‘बरोबर’सुद्धा तिने काढून टाकलं. श्वास सावरला की म्हणायची लकब असणार.

“ताई, सरांचं आहे तसंच राहू द्या की,” शैलेश म्हणाला. त्या छोट्या कम्युनिटी रेडिओवर रेकॉर्डिंगपासून झाडलोटीपर्यंत सगळं तोच बघायचा. “इतके दिवस तसंच लावत होतो. कोणाची तक्रार नव्हती.”

“त्यांना धापा टाकताना मी लोकांना ऐकवणार नाही.”



रेवाच्या बाबांनी, म्हणजे बुधाजी मास्तरांनी, आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर सहा वर्षं, दर रविवारी दुपारी एक वाजता, त्यांनी रेडिओवर व्याख्यान दिलं. गावातलं आणि जगातलं एकत्र बांधून सांगायचं, ही त्यांची पद्धत. तांबड्या समुद्रात जहाजं अडली की न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर काय होतं, असलं काहीतरी. आजारपणात ते खांदा कॉलनीतल्या घरी बसून फोनवरच रेकॉर्ड करत आणि पाठवून देत. त्यांना जाऊन महिना झाला होता. शेवटची चार व्याख्यानं पुन्हा लावायची, असं रेडिओवाल्यांनी ठरवलं होतं. घर आवरायला पुण्याहून आलेल्या रेवाने ती नीट करून द्यायचं अंगावर घेतलं होतं.

ते होते तोवर रेवाने त्यांचं एकही व्याख्यान ऐकलं नाही. रविवारी दीड वाजता पुण्यात तिचा फोन वाजायचा. “जेवलीस का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. “बाबा, जरा कामात आहे, नंतर करते,” हे तिचं उत्तर. “बरं,” असं म्हणून ते फोन ठेवायचे. नंतर म्हणजे कधी, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

कापलेलं पहिलं व्याख्यान रविवारी लागलं. सोमवारी शैलेशने तिला फोन केला. करंजाड्याच्या गुणाबाई नावाच्या एका श्रोत्यांनी सकाळपासून तीनदा फोन केला होता. ज्याने मास्तरांचं व्याख्यान लावलं त्याच्याशीच त्यांना बोलायचं होतं. रेवाने त्यांना फोन लावला.

“तू मास्तरांची पोर?”

“हो.”

“मास्तर गेले ते मला ठावं हाय. रेडिओवर सांगितलं ना. पन काल मला बोलू का नाय दिलंस?”

“म्हणजे?” रेवाने विचारलं.

“पैले मास्तर इचारायचे नि सोताच सांगून मोकळे व्हायचे. मंग मी फोन केला. म्हनलं, मास्तर, आमाला पन बोलू द्या की जरा. विमानतळात आमचं गाव गेलं, शेजारी पांगले, पोरगा दुबईला. या घरान मला कोन काय इचारतंय? तवापासून थांबायला लागले. मी माझं उत्तर सांगायची, ते ‘बरोबर’ म्हनायचे.” गुणाबाई जरा हसल्या. “चुकलं तरी बरोबरच म्हनायचे. शाळेत असा मास्तर असता तर मी चौथी पास झाले असते.”

रेवा पुन्हा रेडिओ स्टेशनवर गेली. शैलेशकडून तिने मूळ रेकॉर्डिंग मागून घेतलं, हेडफोन लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. पहिल्या प्रश्नानंतरचा श्वास संथ होता. धाप नव्हती. श्वासाच्या खाली टेबलावर बोटाची टकटक होती, जेमतेम ऐकू येईल अशी. तिने मोजली. नऊ. वर्गातही ते असेच मोजायचे, सगळ्यांत मागच्या पोराला उत्तर सुचेपर्यंत. सातवीत ती स्वतः त्यांच्या वर्गात होती. हे ती कशी विसरली होती?

उरलेली तीन व्याख्यानं तिने उघडलीच नाहीत.

“आहेत तशी लावा,” तिने शैलेशला सांगितलं.

शेवटच्या रविवारपर्यंत खांदा कॉलनीतलं घर रिकामं झालं होतं. भांडी खोक्यांत गेली होती, गॅस परत केला होता. बाबांचं टेबल, एक खुर्ची आणि रेडिओ एवढंच उरलं होतं. एक वाजता बाबा बोलू लागले. बंदरं, दर्यावर्दी, मालाचे डबे. दोन ठिकाणी ते थांबले. दोन्ही वेळा रेवा गप्प बसली. तिला उत्तर येत नव्हतं.

“जहाजावरचा माणूस महिनोन् महिने पाण्यावर असतो,” बाबा सांगत होते. “मग एक दिवस किनारा दिसतो. फोनला रेंज येते. तो घरी फोन लावतो. पहिला प्रश्न काय विचारत असेल? सांगा बघू.”

रेडिओ शांत झाला.

करंजाड्याला गुणाबाई आत्ता काहीतरी सांगत असतील. रेवाचं बोट टेबलावर आपटत होतं. पाच. सहा. सात.

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “अजून नाही जेवले.”

“बरोबर,” बाबा म्हणाले.