नुसती टेकलेली बोटं

या मायबाप, प्रार्थनेआधी जवळ सरका. अमेरिकेतल्या अलाबामातली गोष्ट ऐका, तिथल्या चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलची. सामन्याचा शेवटचा डाव होता, जिंकायची रेषा चार पावलांवर, पण चेंडू फेकणारा लव्हेल बिचकला होता. दोनदा तो फसला होता: विरोधी संघाचे मागचे गडी अंगावर धावून आले, की हा त्यांच्या रिकाम्या जागी चेंडू फेकायचा, आणि त्यांच्याच पुढच्या रांगेतला एक आडदांड गुपचूप मागं सरकून तो तिथंच झेलायचा. लव्हेलच्या पुढ्यात वाकून त्याला पायांमधून चेंडू देणारा, त्याच्याच संघातला जाडा ओबेडाया ओणव्यानंच पुटपुटला, "लेका, त्या धटिंगणाची बोटं बघ. गवतात रोवली नाहीत, नुसती टेकलीत. पुढं मुसंडी मारायची नाही त्याला, मागं पळणार!" "मग फेकू कुठं?" "फेकतोस कशाला, भित्र्या? तो हटला की त्याच्याच जागी दार उघडं पडेल. बाकीच्यांना मी अडवतो. आमेन म्हण नि चेंडू घेऊन घूस!" लव्हेल घुसला, थेट रेषेपार. गावानं त्याला खांद्यावर घेतलं. तुम्ही मात्र प्रार्थनेत ओबेडाया आठवा, अडवलेल्या गड्यांच्या ढिगाखाली दबूनही हसणारा.