यादीत नसलेली बाई

“ताई, तुम्ही पुरुष असतात तर एका मिनिटात बिल पास झालं असतं,” बिलाच्या खिडकीतला कारकून म्हणाला.

ताई शहराची बस चालवायच्या. त्यांनी खिडकीवर दोन्ही हात टेकले, तसा कारकून जरा मागेच सरकला.

“म्हणजे?”

त्याने स्क्रीन वळवून दाखवला. लघवी रोखून धरणारी कृत्रिम झडप बसवायचं ऑपरेशन विमा कंपनीच्या यादीत होतं, त्याला कोडही होता. पण फक्त पुरुषांसाठी. बाईचं नाव घातलं की कॉम्प्युटर क्लेम परत फेकत होता. झडपेला काय कळतंय ती कुणाच्या पोटात बसलीय! ताईंच्या पोटात ती बिचारी चालू केल्यापासून आठवडाभर चोख काम करत होती. यादी करणाऱ्यांनाच बायकांचं असलं काही असतं हे ठाऊक नसावं.

“आपण रकान्यात ‘पुरुष’ टाकू,” कारकून हळूच म्हणाला. “कोण बघायला येतंय?”

“टाका, टाका,” ताईंचा नवरा घाईने म्हणाला. “अगं, आपलं काय जातंय?”

“तुमचं काही गेलं नाही हो. धाकटीच्या वेळच्या बाळंतपणापासून मी भिजत होते. भर रस्त्यात, स्टिअरिंगवर बसल्या बसल्या.”

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. नवऱ्याने मान खाली घातली. “हळू बोल की!”

“इतकी वर्षं हळूच बोलले,” ताईंनी आवाज आणखी चढवला. “पोर जन्माला घातली बाई म्हणून, भिजले बाई म्हणून, आणि बरं व्हायच्या वेळी पुरुष? जमायचं नाही. ‘स्त्री’ लिहा.”

“मग यादीबाहेरचं म्हणून पाठवावं लागेल. डॉक्टरांचं पत्र, वर चौकशी. नामंजूर झालं तर सगळं बिल तुमच्या अंगावर.”

“होऊ दे. बाई आहे म्हणून देत नाही, असं त्यांच्या सहीनिशी लिहून घेईन. मग बघते एकेकाला. पत्र कधी मिळेल?”

“डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. संध्याकाळ होईल.”

“चल घरी,” नवरा म्हणाला. बाहेर पडायचं तर ताई सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडाला लावायच्या नाहीत, आणि परक्या जागी कधी टेकायच्या नाहीत. त्याला इतक्या वर्षांची तीच सवय.

ताईंनी खुर्ची ओढली आणि खिडकीसमोरच मांडली. कोपऱ्यातल्या पिंपातून पेलाभर पाणी आणलं, घटाघटा प्यायल्या. पेला पुन्हा काठोकाठ भरून आणला.

“बसते मी,” त्या म्हणाल्या. “आता मला कसलीच घाई नाही.”