दोन खुर्च्या

‘लग्न कुणाचंही असो, आमच्याकडे करा,’ ही माझ्या छोट्या हॉटेलाची जाहिरात वाचून पहिलं जोडपं आलं: टागे आणि गोर्म, सत्तरीचे दोन पुरुष. ते जेवण चाखत होते, मी पुसलेलेच काटे पुन्हा पुसत होते. “जेवण उत्तम,” टागे म्हणाला, “पण पाहुणे पेले वाजवतील का?” पेले वाजले की जोडप्यानं खुर्च्यांवर चढून चुंबन घ्यायचं, ही आमची डॅनिश रीत. टागे पुढे म्हणाला, “आमच्यासारख्याच दोघांच्या लग्नात कुणीच वाजवले नाहीत. माणसं चांगली होती, नुसती संकोचली.” तेवढ्यात रोजच्या गिऱ्हाइकानं, म्हाताऱ्या स्वेन्डनं, सुरीनं पेला वाजवला. त्यामागून इतर टेबलांवरही पेले किणकिणले. “बघताय काय?” तो गुरगुरला. “माझा मासा गार होतोय.” गोर्म लाजला. टागेनं खुर्च्या ओढल्या. “घट्ट धरा, गुडघे जुने आहेत.” एक मी धरली, दुसरी स्वेन्डनं.