कमरेएवढा वाफा

"बाबा, जरा इथे येऊन सरळ उभे राहा," सून म्हणाली.

सासरे खुर्चीचा हात धरून उठले. जन्मभर बस चालवून त्यांच्या कमरेचा पार भुगा झाला होता. घरामागच्या मोकळ्या जागेत सुनेनं सकाळपासून करवत चालवून, स्क्रू पिळून लाकडाची मोठी चौकट उभी केली होती. आता वरची शेवटची फळी तेवढी बसवायची राहिली होती.

"हात कोपरात वाकवा. हं, असेच." तिनं त्यांच्या तळव्याखाली फळी धरली आणि पेन्सिलीनं खूण केली.

"वाफा करतेस की गव्हाण?" त्यांनी विचारलं. "एवढ्या उंचीवर भाजी लावतात होय?"

फळी ठोकून झाल्यावर तिनं तळाशी पालापाचोळा टाकला, मग घमेल्यानं माती आणून ओतू लागली. सासरे पुन्हा खुर्चीत बसून बघत राहिले. चौकट भरत आली तशी तिला मधली माती सारखी करता येईना. ती बुटकी, चौकट तिच्या छातीला लागत होती. शेवटी ती एक वीट घेऊन आली आणि तिच्यावर चढून हात लांबवू लागली.

"तुला हात पुरत नाहीये. वरची फळी काढून टाक."

"राहू दे."

"विटेवर चढून भाजी खुडणार का तू?"

"तुम्हाला वाकायला नको म्हणून केलंय, बाबा. पाणी, तण काढणं, सगळं उभ्या उभ्या होईल."

"पण ते सगळं तूच करतेस की."

ती मातीतलं एक ढेकूळ फोडत राहिली. फुटून भुसभुशीत झालं तरी फोडत राहिली.

सासऱ्यांना हळूहळू एकेक गोष्ट दिसू लागली. गेल्या महिन्यात तिनं त्यांना हट्टानं कुकर लावायला शिकवलं होतं. औषधांचा डबा माळ्यावरच्या फळीवरून त्यांच्या हाताशी आला होता. त्यांना वाटलं होतं, पोरीला आता आपलं करायचा कंटाळा आला. आणि परवा या फळ्या घेऊन एक माणूस टेम्पोतून आला होता. फाटकापाशी सून त्याच्याशी बोलताना हसली, तेव्हा त्यांना आधी शेजारचंच कुणीतरी हसतंय असं वाटलं होतं. इतकं ते हसू घराला नवीन झालं होतं.

"परवाचा तो," ते म्हणाले. "आत का नाही आला?"

तिचे हात थांबले. "तुम्ही घरात होता म्हणून."

"माझी भीती वाटते त्याला?"

"त्याला नाही. मला."

सासऱ्यांना ते दिवस आठवले. मुलगा गेला तेव्हा सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, माहेरी जा. ती गेली नव्हती. बाबांचं कोण बघणार, एवढंच म्हणाली होती. जा, असं तेव्हा त्यांच्याही तोंडून निघालं नव्हतं. त्यांना घरात दुसऱ्या माणसाची चाहूल हवीहवीशी वाटत होती.

"मी लग्नाला अजून हो म्हटलेलं नाही," ती विटेवरून उतरत म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर..."

"मी कोण नको म्हणणारा?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "पोर आहेस तू माझी."

तिनं मातीनं माखलेल्या मनगटानं डोळे पुसले. गालावर काळा पट्टा उमटला. ते उठून वाफ्याशी आले. दोन्ही हात मातीत घातले, कोपरापर्यंत रुतवले. कंबर जराही दुखली नाही. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. माती आत गार होती.

"ही माती बसणार," ते म्हणाले. "पाणी पडलं की चांगली वीतभर खाली जाईल. मग वरून भर घालावी लागेल."

"मी येईन ना, बाबा."

"तू येशीलच गं. त्याला फावडं धरता येतं का, ते विचार."