मागचा पंख

मोटारींच्या शर्यतीत घड्याळापुढे सगळे सारखेच असतात, असं मालक प्रत्येक शर्यतीआधी आपल्या माणसांना गंभीरपणे सांगत. आजही सांगितलं. मग शेजारच्या श्रीमंत टीमकडे जॅक उसना मागायला माणूस पाठवला.

आता शर्यत संपत आली होती आणि मालकांचा समोरच्या पडद्यावर विश्वास बसत नव्हता. त्यांची गाडी दहावी होती. पहिल्या दहांत येणाऱ्याला गुण मिळतो. टीम काढल्यापासून त्यांना बरंच काही मिळालं होतं, सहानुभूती तर पोतंभर. गुण मात्र एकही नव्हता.

गाडी भाची चालवत होती. मालकांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. ती उत्तम चालवते म्हणून तिला घेतलं, असं ते पत्रकारांना सांगत. ती पगार मागत नाही, हे सांगत नसत. दोन्ही खरं होतं. शर्यतीआधी त्यांनी तिला एकच सूचना केली होती, “जीव तोडून चालव, पण कुठे आपटू नकोस. सुटे भाग संपलेत.” पहिल्याच वळणावर पुढच्या पाच-सहा गाड्या एकमेकींना भिडल्या, तेव्हा भाची त्या गोंधळातून भरल्या बाजारातून दुधाचं पातेलं न्यावं तशी अलगद निघाली होती.

“मालक, पोरगी आज ऐकत नाही,” उस्ताद म्हणाले. उस्ताद म्हणजे टीमचे मुख्य मेकॅनिक. “पॉइंट आणते बघा.”

मालक आनंदानं गॅरेजच्या कोपऱ्याकडे वळले. तिथे गादी कंपनीचे साहेब बसले होते. गाडीच्या मागच्या पंखावर, म्हणजे शेपटाकडच्या आडव्या फळीवर, त्यांच्या गादीचं नाव होतं आणि त्या नावाच्या जिवावर टीम चालली होती. करार याच महिन्यात संपत होता. तो पुढे चालू राहिला तर टीमच्या कारखान्यातल्या माणसांचे तुंबलेले पगार निघणार होते. नाहीतर कारखान्याला कुलूप. राहतं घर मालकांनी आधीच गहाण टाकलं होतं. घरात ही गोष्ट त्यांना एकट्यालाच ठाऊक होती.

“साहेब, दहावी!”

“अभिनंदन,” साहेब म्हणाले. चेहरा मात्र सांत्वनाला आल्यासारखा. “पण आम्ही दिसलो नाही हो.”

“म्हणजे?”

“टीव्हीवर. एरवी तुमची गाडी शेवटची असते. पहिला नंबरवाला मागून येतो, तुम्हाला गाठतो, एका फेरीनं मागे टाकतो. कॅमेरा त्याच्यावर, आणि त्याच्या पुढ्यात आमचा पंख. प्रत्येक शर्यतीत तीन-चारदा तरी. आज तुम्ही ना पहिले ना शेवटचे. आज तुम्हाला कोण बघणार?”

“अहो, पण आज आम्ही वेगात...”

“वेगाचे पैसे आम्ही कधी दिले? आमचा धंदा झोपेचा आहे, मालक. आमचे अध्यक्ष घरी टीव्हीसमोर बसलेत. करारावर सही त्यांची लागते.”

मालकांनी पडद्याकडे पाहिलं. पहिला नंबरवाला बाराव्यापासून खालच्या सगळ्यांना एका फेरीनं मागे टाकून आता भाचीच्या मागे होता, पण लांब. ती अशीच चालवत राहिली तर तो तिला गाठण्याआधी शर्यत संपली असती. ती हळू झाली तर त्यानं गाठलं असतं, कॅमेऱ्यासकट. पण मग तिच्या मागे चिकटलेला अकरावाही पुढे गेला असता आणि गुण हातचा गेला असता. गुणाचेही पैसे मिळतात. ते पुढच्या वर्षी मिळतात. पगार या वर्षीचे तुंबले होते.

मालकांनी रेडिओचं बटण दाबलं.

“बाळा, गाडी हळू घे. इंजिन तापतंय.”

“मामा, काटा माझ्यासमोर आहे. काही तापत नाहीये. अकरावा मागेच बसलाय, आत्ता बोलू नका.”

उस्तादांनी मालकांकडे पाहिलं. मग आपला पगारही त्या तुंबलेल्यांतच आहे हे आठवून हातातल्या पान्याकडे पाहिलं.

“मामा म्हणून नाही, मालक म्हणून सांगतोय. हळू घे.”

रेडिओ खरखरला.

“बरं, मालक.”

बोलायला लागल्यापासून ती त्यांना मामाच म्हणत आली होती.

अकरावा पुढे गेला. जाताना त्यानं हात केला. त्याला वाटलं, बाईंच्या गाडीत बिघाड झाला. मग पहिला नंबरवाला आला. भाचीनं काम अर्धवट केलं नाही. वाट सोड म्हणून निळं निशाण फडकेपर्यंत ती त्याच्यासमोर रस्त्याच्या मधोमध, एखादं पोस्टर धरून चालावं तशी चालत राहिली. गॅरेजमधल्या पडद्यावर मागचा पंख मावेना. गादीच्या नावाखालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

साहेब पहिल्यांदा हसले. “मानलं तुम्हाला,” म्हणाले. मालकांनी मान हलवली. ती नेमकी कशाला हलवली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

भाची अकरावी आली. हेल्मेट न काढताच ती गॅरेजमध्ये शिरली आणि मालकांच्या समोरून सरळ मागच्या खोलीत गेली. मालक दोन पावलं तिच्यामागे गेले आणि थांबले, कारण साहेबांनी अध्यक्षांना फोन लावला होता आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला होता.

“अध्यक्षसाहेब, पाहिलंत का?”

“काय?”

“आपला पंख! पडदाभर! आत्ता, शेवटी शेवटी!”

“नाही बुवा. इथे घरच्या टीव्हीवर तेव्हा जाहिरात लागली होती.”

“कसली?”

“आपल्याच गादीची,” अध्यक्ष म्हणाले. “छान झालीये. दोनदा दाखवली.”